चाळिशीनंतरची रुग्णसेवा : एका संकोचाचा इतिहास

दरवर्षी जून महिन्यात आपल्या शाळेच्या कार्यालयासमोर दाखल्यांसाठी रांग लागते. काही वर्षांपूर्वी अशाच एका रांगेत एक ताई सर्वांत शेवटी उभ्या होत्या. त्यांचा मुलगा आपल्याच वसतिगृहात राहून पाचवी ते दहावी शिकला. आज तो शहरात नोकरीत आहे. मुलाच्या एखाद्या कागदासाठी त्या आल्या असाव्यात, अशा समजुतीने आम्ही त्याचे नाव विचारले. त्या म्हणाल्या, “त्याचा नको, सर. माझाच दाखला काढायचाय. माझी शाळा तर बंद झाली म्हणतात. आता तो कुठं मिळंल?”

ताईंचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते. सातवी उत्तीर्ण होऊन आठवीत बसल्या आणि लग्न झाले. पती लवकर गेले. पुढे सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या चार वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांचे सारे ताईंनीच केले. सासूबाई गेल्यावर घर रिकामे झाले, हातही रिकामे झाले. तालुक्याच्या रुग्णालयातील एका ओळखीच्या परिचारिकेने त्यांना सुचवले की, रुग्ण सहायकाचे प्रशिक्षण घ्या, तुम्हांला जमेल. मात्र दहावी लागेल. म्हणून हा दाखला. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी आम्हांस तीनदा एकच प्रश्न विचारला : “पण सर, मला जमंल का?”

त्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर दिले, ते या स्मरणिकेत लिहून ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. आम्ही म्हणालो, “ताई, मुलगा एवढा शिकला. आता या वयात लोकांची दुखणी कशाला काढता?” त्यांच्या मुलालाही आम्ही दूरध्वनी केला. तो आमच्यापेक्षा स्पष्ट बोलला. “सर, माझी आई लोकांची घाण काढणार? यासाठी का आम्ही शिकलो?” आम्हांस त्याचे म्हणणे पटले. इतकेच नव्हे, तर इतिहासाचा शिक्षक असल्याच्या अधिकाराने आम्ही ताईंना महाडच्या परिषदेपासून वतनाच्या लढ्यापर्यंत एक छोटेखानी व्याख्यानही ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि शेवटी म्हणाल्या, “सासूचं चार वर्षं काढलं, सर. तवा कुणी नको म्हणालं नाही.”

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांना दाखल्यासाठी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचा पत्ता लिहून दिला. पण आपण जे व्याख्यान दिले ते कितपत खरे होते, हा प्रश्न मनातून गेला नाही. हा लेख त्या शोधातून आला आहे. आपल्या समाजातील अनेक माता, भगिनी आणि काही बांधवसुद्धा चाळिशी-पन्नाशीत या कामाकडे वळू पाहतात आणि उंबऱ्यावरच थांबतात. त्यांना थांबवणारी गोष्ट केवळ व्यक्तिगत भित्रेपणा नाही. तिला इतिहास आहे, आणि तो नीट समजून घेतला तर पुढचा रस्ताही दिसतो, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम संकोचाची न्याय्य बाजू सांगू. गावगाड्यात शरीराशी आणि मळाशी संबंधित कामे कोणाच्या वाट्याला आली, हे आपणांस सांगायला नको. मेलेली जनावरे ओढणे आपल्याकडे होते. बाळंतपणाचेच पाहा. अनेक गावांत सुईण अस्पृश्य मानलेल्या जातींतील असे. नाळ तिनेच कापायची, वार तिनेच पुरायची, मळलेले कपडे तिनेच धुवायचे. ज्या घरात तिचा स्पर्श एरवी चालत नसे, त्या घरातील मूल जगात आल्यावर सर्वांत आधी तिच्या हातांत पडत असे. आणि ती गेल्यावर घर शुद्ध करून घेतले जात असे. तिच्या ज्ञानाला ज्ञान म्हणत नसत. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य आणि एखादे जुने लुगडे. नको म्हणण्याचा अधिकार तर नव्हताच. ज्या समाजाच्या स्मृतीत हे सारे आहे, त्या समाजातील मुलाला आई दुसऱ्याचे बेडपॅन उचलणार या कल्पनेने यातना होणे स्वाभाविक आहे. त्या मुलाला कोणी कोत्या मनाचा म्हणू नये.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे झालेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांसाचा आणि हीन गणल्या गेलेल्या कामांचा त्याग करण्यास सांगितले, हे आपल्या शाळेतील सहावीचा विद्यार्थीही सांगेल. परंतु त्यागायचे काय होते? श्रम की श्रमाच्या अटी? याचे उत्तर १९२८ या एकाच वर्षात मिळते. त्या वर्षी मार्च महिन्यात बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. जन्माने लादलेले, वेळेचे बंधन नसलेले, सरकारने राबवून घ्यायचे आणि मोबदला म्हणून बलुत्यासाठी गावाच्या दारात उभे करायचे, अशा वेठीविरुद्ध तो घाव होता. आणि त्याच वर्षी, जुलैमध्ये, त्याच सभागृहात त्यांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणात आर्थिक लाभासह विश्रांती देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. एका बाजूला वेठ मोडायची आणि दुसऱ्या बाजूला मजुरी करणाऱ्या स्त्रीच्या मजुरीला, विश्रांतीला आणि शरीराला कायद्याचे संरक्षण द्यायचे, ही दोन्ही कामे त्यांनी पाच महिन्यांच्या अंतरात केली. बाबासाहेबांचा विरोध हातांनी काम करण्याला कधीच नव्हता. जे काम नाकारता येत नाही, ज्याचे वेतन ठरलेले नाही आणि जे करणाऱ्याची किंमत जन्मावरून ठरते, त्या कामाला होता. आम्ही ताईंना ऐकवलेल्या व्याख्यानात पहिला भाग होता, दुसरा गळला होता.

हीच गोष्ट परिचारिकेच्या पेशाच्या इतिहासातही दिसते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचारिका-प्रशिक्षणाची सोय केली. त्यांत बऱ्याच जणी उच्चवर्णीय विधवा होत्या. परक्या माणसाचे शरीर पुसणे, त्याचे मलमूत्र उचलणे हे त्यांच्या घरांत अब्रह्मण्यम् होते. तरी काही वर्षांतच गणवेश घातलेल्या या स्त्रियांना लोक आदराने ‘बाई’ म्हणू लागले. काम तेच होते. गावातली सुईण मात्र पूर्वीच्याच जागी राहिली. फरक कशाने पडला? एकीला प्रशिक्षण, प्रमाणपत्र, ठरलेले वेतन आणि ठरलेले तास मिळाले. दुसरीला यांतले काहीच मिळाले नाही. जातीचा भाग त्यात होताच, पण पुढे जो मार्ग सर्वांना खुला झाला तो याच चार गोष्टींतून झाला.

वयाविषयी बोलायचे तर सावित्रीमाईंकडे पाहावे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. डॉक्टर झालेला पुत्र यशवंत याच्यासह त्यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रुग्णांसाठी उपचाराची सोय केली. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून तेथे आणले. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून जयंतीला वंदन करतो. त्यांच्या आयुष्याचे शेवटचे काम शुश्रूषेचे होते, हे मात्र भाषणात एका ओळीत उरकतो.

धम्मग्रंथांतही या विषयाला मोठी जागा आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा येते. त्याला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो संघाच्या काही उपयोगाचा राहिला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून उचलून त्याला शय्येवर निजवले. त्यानंतर भिक्खूंना एकत्र बोलावून त्यांनी सांगितले की, येथे तुमची शुश्रूषा करायला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ही कथा आपण धम्मप्रवचनात ऐकलेली असते. तिच्या पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि आमच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. त्यात रुग्णसेवकाची, म्हणजे पालीतील ‘गिलानुपट्ठाका’ची, पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे कळावे. हितकर ते द्यावे, अहितकर ते दूर ठेवावे. लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीभावाने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस बाळगू नये. आणि वेळोवेळी चांगल्या बोलण्याने रुग्णाला धीर द्यावा.

या पाचांत जन्माचा उल्लेख नाही, वयाचा नाही, स्त्री-पुरुषाचा नाही. मल उचलणे हे चौथ्या क्रमांकावर आहे आणि त्याच्या आधी औषधाचे ज्ञान आणि पथ्यापथ्याचा विवेक आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांच्या परंपरेत रुग्णसेवा ही शिकण्याची विद्या मानली आहे. ‘घाण काढणे’ हा तिचा एक भाग आहे, तिचे नाव नव्हे. जाता जाता, ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. लाभाच्या आशेविषयीच्या तिसऱ्या लक्षणावरून कोणी असे म्हणेल की, मग वेतन कशाला मागायचे? तर भिक्खूला चीवर, भोजन आणि निवास संघाकडून मिळत होता. आपल्या ताईंना वीजबिल भरायचे आहे.

आता ‘मला जमेल का’ या प्रश्नाकडे येऊ. आम्ही पुढे ताईंना एक वही दिली आणि सांगितले की, सासूबाईंचे तुम्ही दिवसभर काय काय करत होतात ते उठल्यापासून लिहा. त्या म्हणाल्या, लिहिण्यासारखे काय आहे त्यात? आठ दिवसांनी वहीची सहा पाने भरली होती. पहाटे कुशीवर वळवणे. चादरीच्या झोळीने शेजारणीच्या मदतीने वर सरकवणे. लुळ्या बाजूला घास अडकतो म्हणून चांगल्या बाजूने लहान घास भरवणे. झंपर घालताना लुळा हात आधी बाहीत घालणे आणि काढताना तोच हात शेवटी काढणे. लघवीचा रंग पाहणे. रक्तदाबाची गोळी कोणत्या रंगाची, ती जेवणाआधी की नंतर. रात्री बडबडू लागल्या की दिवा लावून नाव घेऊन बोलणे. ही सहा पाने आणि पुढे प्रशिक्षणात मिळालेले पुस्तक आम्ही एकदा शेजारी ठेवून पाहिले. लुळ्या हाताचा नियम पुस्तकात जसाच्या तसा होता. ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही.

चाळिशीनंतर गेलेला आत्मविश्वास परत येतो तो अशा रीतीने, असे आमचे निरीक्षण आहे. ‘तुम्ही करू शकता’ असे कोणी शंभरदा म्हणून तो येत नाही. घरातल्या कामाला नाव नसते, वेळेची नोंद नसते, वेतन नसते. त्यामुळे ते करणाऱ्या स्त्रीला आपण वीस-पंचवीस वर्षे काहीच केले नाही असे प्रामाणिकपणे वाटते. ते काम कागदावर आले, त्याला पुस्तकातले नाव मिळाले, की तिचा तिलाच हिशेब लागतो. मात्र केवळ कौतुकही उपयोगाचे नाही. ताईंच्या सहा पानांत दोन गोष्टी चुकीच्या होत्या. सासूबाईंच्या टाचेखाली त्या कापडाची चुंबळ ठेवत असत, आणि पाठीवर लाल चट्टा दिसला की तेलाने चोळत असत. दोन्ही गोष्टी मायेने केलेल्या. परंतु चुंबळीने तिच्या कडेवरचा रक्तप्रवाह दाबला जातो, आणि लाल झालेली त्वचा चोळल्याने आतील इजा वाढते. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची आणि साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, हा शय्याव्रण टाळण्याचा योग्य मार्ग. हे शिकताना ताईंना रडू आले, कारण सासूबाईंच्या कमरेला व्रण झाला होता. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी त्यांना सांगितले की, तुम्हांला कोणी शिकवलेच नव्हते. आता तुम्ही दुसऱ्याला शिकवाल. अनुभव असलेल्या प्रौढ विद्यार्थिनीला शिकवताना तिचा अनुभव मान्यही करावा लागतो आणि दुरुस्तही करावा लागतो.

या प्रशिक्षणात काय असते, याची थोडी कल्पना द्यावी. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ या नावांनी हे अभ्यासक्रम चालतात. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने त्यांचे निकष ठरवलेले आहेत. मुदत काही महिन्यांची असते. हात धुण्याच्या पद्धतीपासून सुरुवात होते. मग नाडी, श्वास, ताप, रक्तदाब मोजणे आणि लिहून ठेवणे. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १००, श्वास १२ ते २०. याबाहेर आकडा गेला की स्वतः उपचार न करता परिचारिकेला वा डॉक्टरांना कळवायचे. रुग्ण अंथरुणात असताना चादर बदलणे, अंग पुसून काढणे, भरवल्यावर अर्धा तास बसते ठेवणे, लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली ठेवणे, स्वतःची कंबर न मोडता गुडघ्यांत वाकून उचलणे. आमच्या वयाच्या विद्यार्थिनींनी हे शेवटचे सर्वांत मन लावून शिकावे. रुग्णालयातील कचऱ्याचे २०१६ चे नियमही शिकवतात : रक्ताने माखलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, नळ्या व प्लास्टिक लाल पिशवीत, सुया-पाती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. आपल्या पूर्वजांकडून कोणत्याही संरक्षणाशिवाय जे करून घेतले, त्याला आज हातमोजे आहेत आणि रंगांचा कायदा आहे. हातमोजे देत नसतील तर मागावेत. ते उपकार नव्हेत.

कोणते दार कोणत्या वयाला उघडे आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण खोटी आशा अधिक घातक. एएनएम या परिचारिका-अभ्यासक्रमाला प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ आहे. चाळिशीतल्या ताईंना ते दार बंद आहे, आणि सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देतो अशा जाहिरातींनी त्यांचीच लूट होते. परिचारिका म्हणून नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. ज्या अभ्यासक्रमाने ती होत नाही, तो परिचारिकेचा अभ्यासक्रम नव्हे. आमच्या माहितीतील एका भगिनीने अशा एका संस्थेत मंगळसूत्र मोडून पैसे भरले आणि हाती रंगीत कागद आला. आशा स्वयंसेविकेच्या निवडीसाठी वय २५ ते ४५ आणि त्याच गावातील रहिवास हवा. २००५ पासून या भगिनींनी ग्रामीण आरोग्याचा मोठा भार वाहिला आहे आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मानही केला. मात्र त्यांना वेतन नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. ‘स्वयंसेविका’ हा शब्द कोणी निवडला ते इतिहासकारांनी शोधावे. वेतन टाळण्यासाठी याहून सोयीस्कर शब्द मराठीत सापडणे कठीण. रुग्ण सहायकाचे दार मात्र चाळिशी ओलांडलेल्यांनाही मिळू शकते. खासगी रुग्णालये, वृद्धाश्रम आणि घरगुती रुग्णसेवा यांत पोक्त वयाला उलट पसंती मिळते. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आणि घरी ऐंशीचे आई-वडील, अशा घरांना वीस वर्षांच्या मुलीपेक्षा सत्तेचाळीस वर्षांच्या ताई अधिक विश्वासाच्या वाटतात.

दहावी नसेल तर सतरा नंबरचा अर्ज आहेच. ताईंनी तो भरला. गणितात राहिल्या, जुलैच्या फेरपरीक्षेत सुटल्या. त्या काळात आपल्या वसतिगृहातील नववीच्या दोन मुली रविवारी त्यांना शेकडेवारी शिकवत असत आणि त्यांना ‘मावशी’ म्हणत असत.

तिसरी गोष्ट अटींची, आणि येथेच १९२८ चा धडा उपयोगी पडतो. घरगुती रुग्णसेवेचे काम बहुधा ब्युरोमार्फत मिळते. बारा तासांचे की चोवीस तासांचे, चोवीस तासांचे असल्यास झोप किती आणि कोठे, महिन्याला सुट्या किती, ब्युरो किती रक्कम कापणार, रुग्णाखेरीज घरातील धुणीभांडी करायची की नाही, हे पहिल्या दिवसापूर्वी कागदावर यावे. तोंडी ठरलेले काम आठ दिवसांत वाढते, असा सर्वांचा अनुभव आहे. वेतनाची तारीख लिहून घ्यावी. ई-श्रमवर नोंदणी करावी. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे आणि तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. ही माहिती कामाला जाणाऱ्या प्रत्येक भगिनीला असावी. ज्या कामात नाही म्हणता येत नाही आणि तास मोजता येत नाहीत, ते काम शहरातल्या चकचकीत सदनिकेत असले तरी वेठच.

आणि जातीचा प्रश्न? तो येतो. ताईंच्या पहिल्याच घरी तिसऱ्या दिवशी आडनावावरून चौकशी झाली, चौथ्या दिवशी चहाचा कप वेगळा झाला. त्यांनी ब्युरोला दूरध्वनी केला. ब्युरोचे म्हणणे पडले, पगार चांगला आहे, सांभाळून घ्या. ताई म्हणाल्या, “कपाचं सांभाळून घ्यायचं असतं तर आमच्या बापानं धर्म बदलला नसता.” दुसऱ्या दिवशी काम सोडले. त्या रात्री त्यांनी आम्हांस विचारले, “सर, चुकलं का माझं?” आम्ही या वेळी व्याख्यान दिले नाही. चुकले नाही, एवढेच सांगितले. जे काम नाकारता येते, ते त्यांनी नाकारून दाखवले होते. महिनाभर घरी बसावे लागले, मुलाकडून पैसे घ्यावे लागले, हेही सांगितले पाहिजे. नकाराची किंमत असते आणि ती हातात थोडी शिल्लक असल्याशिवाय परवडत नाही. म्हणून पहिल्या पगारापासून किमान दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असे आम्ही आता प्रत्येकीला सांगतो. त्यानंतर मिळालेल्या घरी त्या अडीच वर्षे होत्या. तेथील आजोबा निवृत्त शिक्षक होते आणि त्यांना पार्किन्सन होता. ताई त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत. वाचता वाचता आपले वाचन सुधारले, असे ताई म्हणतात.

थेरीगाथेत सोणा नावाच्या थेरीच्या गाथा आहेत. दहा मुलांची आई, उतारवयात संघात आलेली. इतक्या उशिरा येऊनही भिक्खुणींमध्ये उद्योगशीलतेत अग्र म्हणून तथागतांनी तिचा गौरव केला. ताईंना आम्ही ही कथा सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, तिच्या दहा मुलांपैकी कोणाला राग आला नाही का?

त्यांच्या मुलाला आला होता, आणि तो एका दिवसात गेला नाही. वर्षभर तो आईशी कामाविषयी बोलत नव्हता. मग त्याच्या सासऱ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णालयातून घरी आणल्यावर पहिल्या रात्री काय करावे हे कोणालाच कळेना. त्याने आईला दूरध्वनी केला. आईने पिशवी किती उंचीवर ठेवायची, कूस केव्हा बदलायची, कोणत्या लक्षणाला डॉक्टरांना उठवायचे, हे क्रमाने सांगितले आणि त्याने ते लिहून घेतले. आमच्याशी बोलताना तो म्हणाला, “सर, आई आता बोलते तेव्हा मध्ये थांबत नाही.”

गेल्या वर्षी पालकसभेनंतर आपल्या भोजनगृहातील दोन मावशींनी आणि तीन पालक-मातांनी सतरा नंबरच्या अर्जाची चौकशी केली. त्यांपैकी दोघींच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, अशी अडचण आहे. हे काम राजपत्र किंवा विवाह नोंदणीच्या कागदाने सुटते. परंतु त्याला वेळ लागतो. तेव्हा अर्जाची शेवटची तारीख जाहीर होईपर्यंत थांबू नये. जुना दाखला, आधार आणि असल्यास विवाहाचा दाखला घेऊन आधीच कार्यालयात यावे. शाळा बंद झाली असेल तर तिचे जुने दप्तर कोठे गेले, हे शोधून देण्याचे काम आम्ही करू. ताईंचा दाखला सात किलोमीटरवरील दुसऱ्या शाळेच्या लोखंडी कपाटात सापडला होता. त्यावर त्यांच्या प्रगतीच्या रकान्यात ‘उत्तम’ असे लिहिलेले होते, आणि ते त्यांना पस्तीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.